६९७ घरी उघडताय? मग हे ऐका

घाई करू नका भाऊ. टाटाचं ६९७ हे ट्रकचं डिझेल इंजिन म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिमीचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास). नावातच सगळं आलं. इंजिन उचलायला चेनपुली एक टनाची घ्या, आंब्याच्या फांदीवर भरवसा नको.

मेन बेअरिंगच्या कॅप (क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा, धरून ठेवणारी झाकणं) काढण्याआधी प्रत्येकीवर नंबर आणि दिशेची खूण पंचने ठोका. खडूची खूण डिझेलने पुसते, माझी पुसली होती. अदलाबदल झाली की क्रँक जाम. क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) मायक्रोमीटरने आडवे-उभे मोजा; फरक दिसला तर ग्राइंडिंग, मगच अंडरसाइज बेअरिंग (घासून बारीक झालेल्या जर्नलच्या मापाची) आणा. आधी आणली तर पैसे पाण्यात.

पिस्टन रिंगांची तोंडं एका रेषेत ठेवू नका. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-३-६-२-४ भिंतीवर लिहा. डिझेल पंप मात्र घरी खोलू नका, कॅलिब्रेशनवाल्याकडेच (पंपाचं माप जुळवून देणाऱ्याकडे) द्या.