‘कॅनिबल होलोकॉस्ट’मध्ये खरंच माणसं मारली होती का? नसतील, तर दिग्दर्शकावर खुनाचा आरोप कसा आला?

नाही. त्या सिनेमासाठी एकाही माणसाला मारलेलं नाही. जनावरं मात्र मारली, कॅमेऱ्यासमोर आणि खरोखर.

तुम्ही लिहिलंय की धाकट्या भावाला कुणीतरी त्यातली क्लिप पाठवली, खाली ‘यातले कलाकार पुन्हा कधीच दिसले नाहीत’ अशी ओळ होती, आणि तो दोन रात्री धड झोपलेला नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो, त्यालाही वाचायला द्या. ती ओळ कुठून आली हे कळलं की भीती बरीच उतरते. माझी तरी उतरली होती.

मी सातवीत असताना आमच्या गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीत एक कॅसेट गल्ल्याखाली ठेवलेली असायची. ‘फेसेस ऑफ डेथ’. छेचाळीस देशांत बंदी आहे, असं त्या सिनेमाची जाहिरातच सांगायची. चुलतभावाने ती एका रात्रीसाठी आणली. त्यात एका हॉटेलात टेबलाच्या मधोमध जिवंत माकड अडकवतात, गिऱ्हाइकं त्याला मारतात आणि त्याचा मेंदू खातात असं दाखवलंय. मी त्या रात्री जेवलो नाही, पुढे कित्येक महिने ते माकड डोळ्यांसमोरून जाईना. त्या ताटलीत मेंदू नव्हता, नाटकातलं रक्त लावलेला फ्लॉवर होता, हे मला बारा वर्षांनी एका लेखात वाचायला मिळालं. छेचाळीस देशांची बातही फुगवलेली होती, बंदी मोजक्याच ठिकाणी होती. तेव्हा मला हायसं वाटण्याआधी राग आला. एका लहान मुलाच्या झोपेवर कुणीतरी पैसे कमावले होते. तेव्हापासून या प्रकारच्या सिनेमांबद्दल मिळेल ते वाचत आलोय.

आता तुमचा प्रश्न. रुजेरो देओदातो या इटालियन दिग्दर्शकाने हा सिनेमा कोलंबियातल्या लेतिसिया गावाच्या आसपास, ॲमेझॉनच्या जंगलात चित्रित केला. गोष्ट अशी, की चार तरुण माहितीपट बनवायला जंगलात जातात आणि परत येत नाहीत. मागे राहतात त्यांची रिळं, आणि सिनेमाचा उत्तरार्ध म्हणजे ती ‘सापडलेली’ रिळं. हलता कॅमेरा, ओरखडे पडलेली फिल्म, मध्येच तुटणारा आवाज. असं काही प्रेक्षकांनी त्याआधी फारसं पाहिलेलं नव्हतं. फेब्रुवारी 1980 मध्ये मिलानला तो लागला आणि थोड्याच दिवसांत न्यायदंडाधिकाऱ्याने प्रती जप्त करवल्या. आधी आरोप होता अश्लीलतेचा. पुढे एका फ्रेंच मासिकाने यातले काही मृत्यू खरे असावेत असा सूर लावला आणि संशय थेट खुनापर्यंत गेला.

इथे देओदातो आपल्याच जाळ्यात सापडला. त्याने नंतर सांगितल्याप्रमाणे, त्या चार कलाकारांकडून करारात लिहून घेतलं होतं की सिनेमा आल्यावर वर्षभर त्यांनी कुठेही झळकायचं नाही. जाहिरात नाही, मुलाखत नाही, दुसरा सिनेमा नाही. लोकांना वाटायला हवं होतं की ती पोरं खरंच मेली. लोकांना तसं वाटलं आणि कायद्यालाही वाटलं. मग त्यानेच त्यांच्यातल्या लुका बार्बारेस्कीला गाठून बाकीच्यांना शोधायला लावलं, आणि चौघं जिवंत आहेत हे जगाला दाखवावं लागलं. एका मुलीला खांबावर सुळी दिल्याचं ते कुप्रसिद्ध दृश्य कसं केलं, हेही त्याला समजावून सांगावं लागलं. लोखंडी खांबाच्या टोकाला सायकलची सीट बसवली होती, मुलगी तिच्यावर बसली होती, आणि तोंडात बाल्सा या हलक्या लाकडाचा तुकडा धरून तिने मान वर केली होती. चित्रीकरणानंतरचे तिचे फोटोही होते. खुनाचा आरोप गळून पडला. तुमच्या भावाला ही सायकलची सीट नक्की सांगा.

पण प्राण्यांचं तसं नाही. एक मोठं कासव, एक डुक्कर, एक साप, एक मोठा कोळी, कोआटी नावाचा मुंगसासारखा लांब नाकाचा प्राणी आणि माकडं. माकडाचं दृश्य दोनदा घ्यावं लागलं म्हणून दोन माकडं गेली. कासवाचं दृश्य संपल्यावर त्यात काम करणारा पेरी पिर्कानेन रडला होता. हा भाग मला कधीच माफ करता आलेला नाही. कलेच्या नावाने त्याचं समर्थन करणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्याशी मी वाद घालतो. देओदातोला या प्राण्यांच्या छळाबद्दल आणि अश्लीलतेबद्दल शिक्षाही झाली होती, पण ती स्थगित राहिली आणि 1984 मध्ये निकालच फिरला. पुढच्या काळात त्याने स्वतः या हत्यांबद्दल पश्चात्ताप बोलून दाखवला. तो 2022 मध्ये वारला.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. सिनेमात मध्येच त्या चार तरुणांचा एक जुना माहितीपट दाखवतात, ज्यात माणसांना गोळ्या घालतात. कथेतलं एक पात्र म्हणतं, ते सगळं या पोरांनी घडवून आणलेलं होतं. पण ती चित्रं नायजेरिया आणि आग्नेय आशियातल्या खऱ्या मृत्युदंडांची आहेत, बातम्यांच्या साठ्यातून घेतलेली. म्हणजे ज्या माणसांचा जीव खरंच गेला, त्यांना सिनेमाने बनावट ठरवलं, आणि जे जिवंत होते त्यांना मेलेलं म्हणून विकलं. ती गोळ्या झेललेली माणसं कोण होती, हे सिनेमा सांगत नाही. यानोमामी हा व्हेनेझुएला-ब्राझील सीमेवर राहणारा खरा आदिवासी समाज. त्यांचंच नाव जेमतेम बदलून सिनेमातल्या नरभक्षकांना दिलं. पडद्यावर दिसतात ते लोक मात्र त्यांच्यातले नव्हते, लेतिसियाच्या आसपासचे होते.

‘कलाकार दिसेनासे करायचे’ ही युक्ती देओदातोची मूळची नव्हे. चार वर्षं आधी न्यूयॉर्कमध्ये ॲलन शॅकल्टन नावाच्या वितरकाने ती याहून निर्ढावलेपणाने वापरली होती. मायकेल आणि रॉबर्टा फिंडले या जोडप्याने 1971 च्या सुमारास अर्जेंटिनात एक अगदी हलक्या पैशांतला सिनेमा केला होता, चार्ल्स मॅन्सनच्या अमेरिकेतल्या खुनी टोळीवरून सुचलेला. तो इतका सुमार होता की शॅकल्टनकडे पडूनच राहिला. मग अमेरिकेत कंडी पिकली की दक्षिण अमेरिकेतून काही रिळं आली आहेत, ज्यात बाईला कॅमेऱ्यासमोर खरंच मारलंय. असल्या सिनेमांना ‘स्नफ’ म्हणायला लागले होते. शॅकल्टनने पडीक सिनेमाची श्रेयनामावली काढून टाकली, शेवटाला न्यूयॉर्कमध्येच काही मिनिटांचं नवं दृश्य चित्रित करवून चिकटवलं, आणि नाव दिलं ‘स्नफ’. त्या दृश्यात चित्रीकरण संपल्यावर दिग्दर्शक आपल्याच युनिटमधल्या एका मुलीला चिरतो, मग फिल्म संपते, अंधारात फक्त आवाज येतात, आणि नावं येतच नाहीत.

नावं न येणं, हाच त्यातला खरा डाव. आपण थिएटरात बसलेलो असतो तेव्हा शेवटी वर सरकणारी नावं म्हणजे ‘चला, सोंग संपलं’ असं सांगणं असतं. आपल्याकडे नाटक संपल्यावर मेलेला नायकही पडद्यापुढे येऊन हात जोडतो, तसंच ते. शॅकल्टनने ते हात जोडणंच कापून टाकलं. पोस्टरवर तर असं छापलं, की हा सिनेमा फक्त दक्षिण अमेरिकेतच बनू शकतो, कारण तिथे आयुष्य स्वस्त आहे. खून न्यूयॉर्कमध्ये रंगवायचा आणि बदनामी एका अख्ख्या खंडाची.

1976 च्या सुरुवातीला तो प्रदर्शित झाला. थिएटरबाहेर फलक घेऊन निषेध करायला शॅकल्टनने पैसे देऊन माणसं उभी केली होती. ती पाहून खऱ्या स्त्रिया आल्या, खऱ्या संतापाने. लॉस एंजेलिसमध्ये तर याच सिनेमाविरुद्धच्या आंदोलनातून स्त्रियांवरील हिंसेविरुद्धची एक संघटना उभी राहिली. त्यांचं म्हणणं मला आजही पटतं. खून खरा की खोटा हा त्यांचा मुद्दा नव्हता. बाईचा खून हीच करमणूक म्हणून तिकीट लावून विकली जाते, हे त्यांना सहन होत नव्हतं. दुर्दैव असं की त्यांच्या प्रत्येक घोषणेने रांग वाढत गेली. शेवटी मॅनहॅटनचे सरकारी वकील रॉबर्ट मॉर्गन्थाउ यांनी चौकशी केली, ती नटी शोधून काढली, ती धडधाकट होती. म्हणजे इथेही तेच, एका बाईला मी जिवंत आहे हे सरकारी वकिलाला पटवून द्यावं लागलं.

खरा ‘स्नफ’ म्हणजे विक्रीसाठी मुद्दाम माणूस मारून बनवलेला, थिएटरात लागलेला सिनेमा आजवर एकही सिद्ध झालेला नाही. लोकांच्या मनात तो आहे, त्यात या शॅकल्टनचा वाटा फार मोठा आहे.

भीती विकण्याचे सगळेच प्रकार असे नव्हते, हेही सांगायला हवं, कारण मला हा सिनेमाप्रकार मनापासून आवडतो. विल्यम कॅसल या अमेरिकन दिग्दर्शकाने 1958 मध्ये ‘मकाब्र’साठी प्रत्येक प्रेक्षकाचा हजार डॉलरचा विमा उतरवला, सिनेमा बघताना भीतीने मेलात तर वारसाला पैसे. लॉबीत नर्सचा वेष केलेल्या बायका उभ्या असायच्या. पुढच्या वर्षी ‘द टिंगलर’साठी त्याने काही खुर्च्यांखाली थरथरणारी यंत्रं बसवली. 1963 मध्ये ‘ब्लड फीस्ट’चा निर्माता डेव्हिड फ्रीडमन याने प्रेक्षकांना ओकारीच्या पिशव्या वाटल्या, आणि फ्लोरिडातल्या सॅरासोटा इथे स्वतःच्याच सिनेमावर कोर्टाचा मनाईहुकूम मिळवला, पेपरात बातमी यावी म्हणून. ही सगळी जत्रेतल्या मौत का कुआँसारखी गंमत होती. बघणाऱ्याला आत शिरतानाच ठाऊक असायचं की आपल्याला घाबरवणार आहेत, आणि त्यासाठी कुणाला मेल्याचं सोंग आयुष्यात वागवावं लागत नव्हतं. आमच्या लहानपणी रामसे बंधूंच्या सिनेमांबद्दल ‘एकट्याने बघणाऱ्याला दहा हजार बक्षीस’ अशी आवई शाळेत हमखास असायची. 2008 मध्ये ‘फूंक’च्या वेळी रामगोपाल वर्माने थिएटरात एकट्याने सिनेमा बघून दाखवणाऱ्याला पाच लाख देण्याचं खरंच जाहीर केलं, तेव्हा मला शाळेची मधली सुट्टी आठवली. तसली जाहिरात मी आनंदाने बघतो.

तुमच्या भावाच्या क्लिपखालची ओळ मात्र दुसऱ्या घराण्याची आहे, आणि त्या घराण्याचं सर्वांत यशस्वी अपत्य म्हणजे ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’. यातही तीन तरुण माहितीपट बनवायला जंगलात जातात, बेपत्ता होतात आणि मागे त्यांचं चित्रण सापडतं. अमेरिकेत मेरीलंडच्या जंगलात ऑक्टोबर 1997 मध्ये आठ दिवसांत चित्रीकरण झालं, कॅमेरे त्या तीन कलाकारांच्याच हातात. 1999 च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात तिघांची चित्रं असलेली ‘बेपत्ता’ची पत्रकं वाटली. वेबसाइटवर खोटे पोलीस अहवाल. सिनेमांची माहिती देणाऱ्या आयएमडीबीवर तिघांपुढे ‘बेपत्ता, मृत असावेत’ अशी नोंद. सिनेमाने जगभरात जवळपास 25 कोटी डॉलर कमावले.

आणि पात्रांची नावं त्या तिघांची स्वतःची खरी नावं होती. हेदर डोनाह्यूच्या आईला मुलगी गेल्याबद्दल सांत्वनाची पत्रं यायला लागली. मुलगी जिवंत आहे, कारकिर्दीतलं सर्वांत मोठं काम तिने केलंय, आणि नेमकं तेव्हाच तिने लोकांसमोर यायचं नाही. नवख्या नटासाठी त्या काही महिन्यांत जे मिळतं ते पुन्हा मिळत नाही. पुढे तिने अभिनय सोडला, नंतर नावही बदललं. ज्या बर्किट्सविल गावात कथा घडते, त्या गावाच्या पाट्या लोकांनी चोरून नेल्या. 2024 मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी, त्या तिघांना जाहीर पत्र लिहून आपला मोबदला मागावा लागला. मला तो सिनेमा खूप आवडतो, आजही रात्री एकट्याने बघायला मी कचरतो. पण त्याची जाहिरात तिघांच्या नावांवर उभी होती आणि ती नावं त्यांना धड परत मिळाली नाहीत, हे मला तो बघताना दर वेळी टोचतं.

भावाला एवढंच करायला सांगा: अशी क्लिप आली की त्या सिनेमाच्या कलाकारांची नावं शोधायची. ‘कॅनिबल होलोकॉस्ट’मधला लुका बार्बारेस्की पुढे इटलीत नट, निर्माता आणि खासदारही झाला. त्याचे म्हातारपणाकडे झुकलेले फोटो भावाला दाखवा, दोन रात्रींची झोप भरून निघेल.

आणि सिनेमा बघायचाच असेल तर तो अठरा वर्षांचा झाल्यावर, तुम्ही शेजारी बसून. डीव्हीडीवर प्राण्यांच्या हत्या वगळलेली आवृत्ती निघालेली आहे, तीच घ्या. त्यात कासव नाही.