आईच्या बालमैत्रिणीचं फक्त माहेरचं नाव माहीत आहे, तिला ऑनलाइन शोधता येईल का?

तुम्ही लिहिलंय की आईची शाळेतली मैत्रीण 1974 साली लग्न होऊन गेली. तिचं माहेरचं पूर्ण नाव आणि वाई तालुक्यातलं गाव माहीत आहे, सासरचं काहीच नाही, आणि फेसबुकवर शोधून हाती काही लागलं नाही.

त्या नावाने लागणारही नाही. आपल्याकडे लग्नात बाईचं मधलं नाव आणि आडनाव बदलायचं. त्या काळी तर तांदळाच्या ताटात नवं नाव लिहून पुष्कळ घरांत पहिलं नावही बदलत. म्हणजे जिला तुम्ही शोधताय, त्या नावाची बाई आज कुठल्याच यादीत नसेल.

मी हे स्वतः भोगलंय. माझ्या आईची मावसबहीण अशीच हरवली होती. मोठ्यांच्या एका भांडणात दोन घरांचं येणंजाणं तुटलं, आणि आईने पुढे कितीतरी वर्षं दर भाऊबीजेला तिचं नाव काढलं. मी दीड वर्ष मतदार याद्या, जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या, फेसबुक असं सगळं पालथं घातलं, आणि सगळं माहेरच्या नावाने. शेवटी तलाठ्याचं काम केलेल्या एका स्नेह्याने विचारलं, "तिचे वडील गेले तेव्हा वारस कोण कोण लागले?"

तिथे गाठ सुटली. बाईचं माहेर आणि सासर एकाच कागदावर येतं ते बहुतेक वेळा वडील वारल्यावर, वारसाच्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कातला बदल लिहिलेल्या सरकारी नोंदीत. जमीन नावावर असलेला माणूस मयत झाला की पत्नी, मुलगे, मुली अशी वारसांची नोंद होते, आणि लग्न झालेल्या मुली तिथे सहसा सासरच्या नावाने असतात. कधी "ऊर्फ" लावून जुनं नावही असतं, कधी पुढे "रा." म्हणून गाव असतं.

म्हणून मैत्रिणीला बाजूला ठेवा आणि तिच्या वडिलांना शोधा. महाभूलेख या राज्य सरकारच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर विनास्वाक्षरीत (सहीशिवायचा) सातबारा मोफत पाहता येतो. जिल्हा सातारा, तालुका वाई, मग गाव. गट नंबर नसला तरी पहिलं नाव, मधलं नाव किंवा आडनाव टाकून शोधता येतं. आडनाव टाकलंत तर अर्धं गाव समोर येईल. वडिलांचं नाव "मधलं नाव" म्हणून टाका, कारण ते हयात नसले तरी मुलांच्या नावात मध्ये तेच असणार. तुमच्याकडे मैत्रिणीचं माहेरचं पूर्ण नाव आहे, म्हणजे हे मधलं नाव आहेच. तुमच्या हातातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच.

उतारा उघडला की "इतर हक्क" हा रकाना नीट वाचा. पूर्वी बहिणींची नावं भोगवटादार (जमिनीचे धारक) म्हणून न लावता तिथे ढकलून द्यायची रीत होती. ती अन्यायाचीच रीत, पण शोधणाऱ्याला तिथेच माग लागतो. नाव नसलं तरी थांबू नका, बहिणींनी भावांना हक्कसोड करून दिलेली, म्हणजे आपला हिस्सा सोडलेला असू शकतो, आणि त्याचाही फेरफार होतोच. उताऱ्यावर फेरफाराचे नंबर असतात ते टिपून घ्या. जुने फेरफार काही जिल्ह्यांचे "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेत. तिथे नाही मिळाले तर तहसीलच्या अभिलेख कक्षात किंवा तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) नकलेचा अर्ज करावा लागतो. मला दोन खेपा पडल्या.

आमच्या फेरफारात तीन मुली होत्या. एकीचंही पहिलं नाव आईला ओळखीचं वाटेना. मग आईने बोटांवर मोजलं: थोरली, मधली, आणि ही धाकटी. क्रमावरून ओळख पटली.

सासरचं नाव मिळाल्यावरच मतदार यादीकडे जा. तिथे पतीचं नाव आणि वय दोन्ही असतात, त्यामुळे पडताळा होतो. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर नाव, पतीचं नाव, वय, जिल्हा टाकून शोधता येतं. भागनिहाय याद्यांच्या पीडीएफ मात्र चित्रासारख्या असतात, त्यात शब्द टाकून शोध लागत नाही, डोळ्यांनीच वाचाव्या लागतात. वय एकदोन वर्षांनी चुकलेलं असलं तर सोडून देऊ नका, त्या पिढीच्या जन्मतारखा शाळेत अंदाजाने लावलेल्या असत.

वडिलांच्या नावावर जमीनच नसेल तर हा रस्ता बंद. मग गावच्या यात्रेला जा. माहेरवाशिणी तेव्हा येतात, आणि देवळाच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना कोणाची लेक कुठे दिली हे कुठल्याही संकेतस्थळापेक्षा नेमकं ठाऊक असतं.

सापडल्यावर थेट तिच्या दारात जाऊ नका, आणि ट्रूकॉलरवरून नंबर काढून फोनही करू नका. इतक्या वर्षांत तिच्या घरी काय घडलं असेल, माहेरच्या ओळखी तिला हव्या असतील की नको, हे आपल्याला कळत नाही. मी आईच्या त्या मावसबहिणीच्या भाच्याला भेटलो, आईचं नाव आणि आईचा नंबर कागदावर लिहून दिला, तिचा नंबर मागितला नाही. "मावशीला वाटलं तर तिने करावा," एवढंच सांगितलं. तीन आठवडे काही आलं नाही, आणि मी आईला काहीच बोललो नव्हतो हे बरं झालं असं मला वाटायला लागलं. मग एका दुपारी आईचा फोन वाजला. आई पहिली पाच मिनिटं नुसती "अगं, अगं" म्हणत होती.

आणि एक आजच करा: तुम्ही प्रश्नात त्या बाईंचं पूर्ण नाव आणि गाव लिहिलंय, ते काढून टाका. गावातलं कोणी मदत करणार असेल तर त्याला खासगी संदेशात द्या.