पाठीतलं पाणी रोज का काढतात?

भावाला एचआयव्ही आहे, आता क्रिप्टोकॉकल मेंदूज्वर झालाय. सीटी स्कॅन नॉर्मल असूनही डॉक्टर डोक्यात दाब वाढलाय म्हणतात. असं कसं?

इथे स्कॅनवर विसंबू नका. मेंदू आणि पाठीच्या कण्याभोवतीचं पाणी सतत तयार होतं आणि बारीक वाटांनी रक्तात मुरतं. या मेंदूज्वराला कारण असलेली क्रिप्टोकॉकस ही बुरशी आणि तिच्या कवचातून सुटणारा बुळबुळीत पदार्थ त्या वाटा तुंबवतात. तुंबारा शेवटच्या टोकाला असल्याने मेंदूतल्या पोकळ्या बहुधा फुगत नाहीत. दाब मोजल्याशिवाय कळत नाही. डोकेदुखी, उलट्या, दोन-दोन दिसणं, गुंगी ही त्याची खूण.

आमच्या वॉर्डात मॅनोमीटर (दाब मोजायची नळी) नाही. दाब मोजायचा कसा आणि पाणी काढायचं किती?

सलाइनची निर्जंतुक नळी पाठीत घातलेल्या सुईला जोडून उभी धरा आणि सुईपासून पाण्याची उंची टेपने मोजा. रुग्ण कुशीवर हवा. मोजताना पाय सैल, सरळ करायला सांगा. बसवून मोजलेला आकडा फुगलेला येतो, तो धरू नका.

25 सेंमी किंवा जास्त दाब आणि सोबत लक्षणं असतील तर पाणी काढायचंच. एका वेळी साधारण 20 ते 30 मिली. दाब 20 च्या आत यावा, फारच जास्त असेल तर निदान निम्मा व्हावा. काढून झाल्यावरचा दाब नोंदवायला लोक हमखास विसरतात, मग पुरेसं निघालं का हे कुणालाच सांगता येत नाही. दाब आणि लक्षणं सलग दोन दिवस आटोक्यात राहीपर्यंत रोज काढा. तरीही हटेना तर लंबर ड्रेन (पाठीत काही दिवस ठेवलेली निचऱ्याची नळी) किंवा शंट (शस्त्रक्रियेने बसवलेली कायमची नळी).

एका बाजूचे हातपाय लुळे पडले असतील किंवा वारंवार झटके येत असतील तर आधी स्कॅन. नुसता डोळा आत वळला असेल तर तो बहुतेक दाबाचाच परिणाम, त्यासाठी अडू नका.

रोज सुई टोचण्यापेक्षा मॅनिटॉल (मेंदूची सूज उतरवायचं औषध) किंवा स्टेरॉइड नाही का चालणार?

नाही. अडचण मुख्यतः सुजेची नाही, निचऱ्याची आहे. मॅनिटॉलचा फायदा सिद्ध झालेला नाही. मेंदूभोवतीचं पाणी कमी तयार व्हावं म्हणून देतात त्या अॅसिटाझोलामाइडची चाचणी रक्तातलं आम्ल वाढल्याने थांबवावी लागली. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या 2016 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अपंगत्व वाढलं आणि बुरशी हळू साफ झाली. पुढे प्रतिकारशक्ती परतताना दाह उसळला तर स्टेरॉइडचा विचार होतो, पण तो प्रसंग वेगळा.

एचआयव्हीच्या गोळ्या लगेच का देत नाहीत?

बुरशीचे उपचार सुरू झाल्यावर 4 ते 6 आठवडे थांबतात. घाईने दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो.