जुनी १००० वॅटची शेगडी जळाली, नवी २००० वॅटची आणली. तिची जाड पिन जुन्या घरातल्या पॉइंटमध्ये बसत नाही. कन्व्हर्टर (जाड पिन लहान पॉइंटमध्ये बसवायचा जोड) लावला तर चालेल का?

नाही चालणार. दुकानदाराने सांगितलं तरी नाही.

जुनी शेगडी साधारण ४.३ ॲम्पियर ओढायची, म्हणून ६ ॲम्पियरच्या पॉइंटवर निमूट चालली. नवी ८.७ ओढेल. करंट दुप्पट झाला की त्याच वायरमध्ये उष्णता चौपट. कंपनीने जाड पिन हौसेने दिलेली नाही.

तावातावाने लिहितोय, कारण यावरून आमच्या दाजींशी माझं वाजलंय. अमळनेरचं आमचं घर धाब्याचं, लाकडी पट्टीवरची फिटिंग, आत ॲल्युमिनियमची वायर. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी माहेरी आलेल्या, पुरणाची डाळ चढलेली आणि सिलिंडर संपला. दाजींनी नवी शेगडी काढली, बाजारातून कन्व्हर्टर आणला. मी म्हटलं, दाजी, हा पॉइंट पंख्या-दिव्याचा आहे. "काही नही व्हस!" डाळ शिजेपर्यंत खरंच काही झालं नाही. पुरण आटवायला घेतलं आणि जळका वास सुटला. सॉकेट तपकिरी पडलं, कन्व्हर्टर त्यातच चिकटला. फ्यूज उडाला नाही, कारण किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजची तार बसवायच्या डबीत, कधीकाळी कुणी जाड तार भरून ठेवलेली. दाजींचा निकाल काय? शेगडीच हलकी निघाली!

पुढे आईला शेगडीच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या यायच्या. त्यावर दाजी म्हणाले, न्यूट्रलच अर्थच्या भोकाला जोडून टाका. असं कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) कुठे तुटला की शेगडीचा पत्राच फेजवर येतो, म्हणजे हात लावला की थेट शॉक.

तुम्ही लायसनवाला वायरमन बोलवा. मीटरच्या बोर्डापासून शेगडीसाठी वेगळी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, सॉकेट आणि स्विच दोन्ही १६ ॲम्पियरचे, तिचा स्वतःचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), आणि ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (करंट कुठे गळला की लाइन तोडणारा स्विच). नुसतं सॉकेट बदलून मागे बारीक वायर तशीच ठेवणं कन्व्हर्टरइतकंच वाईट. पिन मस्त बसते, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. (हाही सल्ला दाजींचाच होता.) अर्थिंग मोजूनच घ्या. आपल्याकडे वैशाखात जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, तेव्हा त्यात पाणी ओतत जा.

हां, घरात आधीच जुना १५ ॲम्पियरचा पॉइंट असेल तर १६ ची पिन त्यात बसते. तरी मागची वायर आणि अर्थिंग बघितल्याशिवाय बटण दाबू नका. घर भाड्याचं असेल तर आधी मालकाशी बोला.

दाजींनी धुळ्याच्या घरी गिझरला वेगळी लाइन ओढून घेतलीय. मला सांगितलं नाही, भाच्याकडून कळलं.