जुन्या इलेक्ट्रॉनिक्स मासिकांतले प्रोजेक्ट आज बनवता येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांच्या ट्रंकेत साधारण १९६८ ते १९८८ च्या दरम्यानचे अमेरिकन 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स', आपलं 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' आणि युरोपातलं 'एलेक्टर' यांचे अंक सापडलेत. काही पानांवर पेन्सिलीने आकडे खोडून दुसरे घातलेत. शाळेत थोडंफार सोल्डरिंग केलंय, तर यातलं काही आज जमेल का, की गठ्ठा रद्दीत द्यावा?

रद्दीत देऊ नका. जमेल. आणि बहुतेकांना उलट वाटतं, पण अंक जितका जुना तितकं काम सोपं. १९७० च्या आगेमागे छापलेल्या प्रोजेक्टमध्ये असतं तरी काय? दोन-चार ट्रान्झिस्टर, मूठभर रेझिस्टर आणि कंडेन्सर. ट्रान्झिस्टरचा नंबर बदलला तरी त्याचं काम तेच राहतं. १९७५ नंतर मात्र एकाच कामासाठी घडवलेल्या आयसींचं, म्हणजे अख्खं सर्किट एका तुकड्यात मावलेल्या चिपांचं, पेव फुटलं. टीव्ही गेमचा एवाय-३-८५००, नाना आवाज काढणारा एसएन ७६४७७, एलईडी लुकलुकवणारा एलएम ३९०९. अख्खा लेख त्या एका आयसीभोवती रचलेला, आणि तो बनायचा बंद झाला की लेख फक्त वाचण्यापुरता उरतो. झेड-८० मायक्रोप्रोसेसर बिचारा जवळपास पन्नास वर्षं तगला, पण २०२४ मध्ये झायलॉगने त्याच्या मूळ चिपच्या शेवटच्या ऑर्डरी घेतल्या.

म्हणून प्रोजेक्ट निवडताना आधी सर्किट बघू नका, पार्ट लिस्ट बघा. तिथे अडेल असा एखादा पार्ट आहे का, एवढंच शोधायचं. ५५५ टायमर १९७२ मध्ये सिग्नेटिक्सने बाजारात आणला. तो आजही कुठल्याही दुकानात चणे-फुटाण्यासारखा मिळतो. ७४१ हा अॅम्प्लिफायर आयसी, सीडी ४०१७ हा काउंटर, ७८०५ हा ५ व्होल्टचा रेग्युलेटर, १एन४१४८ हा डायोड, यांचंही तेच. उलट २एन२६४६ हा यूजेटी (पल्स काढायला वापरायचा युनिजंक्शन ट्रान्झिस्टर) त्या काळी टायमर, मेट्रोनोम, फॅन रेग्युलेटर अशा कशातही असायचा. आज तो शोधायला पायपीट होते, आणि सापडला तरी खरा असेलच असं नाही. त्याला नुसते पल्स द्यायचे असतील तर त्या जागी ५५५ लावून मोकळं व्हा.

एलेक्टरचे अंक वाचताना एका गोष्टीने गोंधळाल. त्यांच्या सर्किटमध्ये ट्रान्झिस्टरशेजारी नंबर नसतो, 'टीयूएन' किंवा 'टीयूपी' लिहिलेलं असतं. त्यांचं म्हणणं, २० व्होल्ट, १०० मिलिअँपिअर आणि किमान १०० गेन (करंट किती पटीने वाढतो तो आकडा) असलेला कुठलाही एनपीएन सिलिकॉन ट्रान्झिस्टर म्हणजे टीयूएन, तसाच पण उलट ध्रुवांचा पीएनपी म्हणजे टीयूपी. डायोडसाठी डीयूएस आणि डीयूजी, सिलिकॉन आणि जर्मेनियम. मला ही पद्धत फार आवडते. दुकानात काय मिळेल याचा भरवसा नसलेल्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे ती. टीयूएनला बीसी ५४७ घ्या, टीयूपीला बीसी ५५७ घ्या, विषय संपला.

अडचण येते ती जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या सर्किटांत, म्हणजे एसी १२८, एसी १२७, ओसी ७१ वगैरे. जर्मेनियमचा बेस (ट्रान्झिस्टरला चालू करणारा पाय) ०.२-०.३ व्होल्टला जागा होतो, सिलिकॉनला ०.६-०.७ लागतात. त्यामुळे नंबर बदलून तसाच सिलिकॉन बसवला तर बायस, म्हणजे बेसला आधीच दिलेलं व्होल्टेज, चुकतो. छोट्या अॅम्प्लिफायरच्या पुश-पुल आउटपुटमध्ये (जिथे दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने काम करतात) हे लगेच ऐकू येतं: मोठ्या आवाजात ठीक, पण आवाज कमी केला की गाणं फाटल्यासारखं खरखरतं. तिथे दोन बेसच्या मधे बायससाठी जो लहानसा रेझिस्टर असतो, तो काढून दोन १एन४१४८ सरळ मालिकेत घाला, खरखर जाते. एसी १२८ पीएनपी आहे, तेव्हा बदली ट्रान्झिस्टरही पीएनपीच हवा, नाहीतर बॅटरी आणि इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर सगळंच उलटं करावं लागेल. जुने एसी १२८ शोधत बसायच्या नादी लागू नका. आज जे विकतात त्यातले पुष्कळ गळके, म्हणजे बंद असतानाही करंट सोडणारे असतात. (ओसी ७१ ची काच काळ्या रंगाने का रंगवलेली असते? रंग खरवडला की तो उजेडाला प्रतिसाद देतो. महागडा फोटोट्रान्झिस्टर घेण्यापेक्षा हौशी लोक ब्लेडने हाच धंदा करायचे.)

ट्रान्झिस्टरच्या पायांचा घोळ वेगळा. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे धरली तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. अमेरिकन अंकांत दिसणारा २एन३९०४ तसाच धरला तर एमिटर, बेस, कलेक्टर. दोन्ही दिसायला सख्खे भाऊ. एसी १२८ वर जो रंगाचा ठिपका असतो तो कलेक्टरच्या बाजूचा.

सुरुवात फ्लिप-फ्लॉप लाइटपासून करा. दोन बीसी ५४७, दोन्हींचे एमिटर निगेटिव्हला. प्रत्येक कलेक्टरला ३३० ओहमचा रेझिस्टर आणि एलईडी, वर पॉझिटिव्ह. प्रत्येक बेसला पॉझिटिव्हकडून ३३ के, म्हणजे ३३ किलोओहमचा रेझिस्टर. मग १० मायक्रोफॅरडचे दोन कंडेन्सर एकाच्या कलेक्टरपासून दुसऱ्याच्या बेसला, पॉझिटिव्ह पाय कलेक्टरकडे. एलईडी सेकंदाला साधारण दोनदा आलटून-पालटून लागतील. आता मासिकात हेच सर्किट ९ व्होल्टवर दाखवलेलं असेल, तुम्ही मात्र चार सेल लावून ६ व्होल्टवर चालवा. कारण कंडेन्सर पलटी मारतो तेव्हा बेस जवळजवळ सप्लायइतका निगेटिव्हमध्ये खेचला जातो. जुने जर्मेनियम ट्रान्झिस्टर ते निमूट सोसायचे, बीसी ५४७ चा बेस-एमिटर जंक्शन मात्र उलट दिशेने ६ व्होल्टच्या वर सोसत नाही. लगेच जळणार नाही, पण वेळ चुकते आणि गेन हळूहळू उतरतो. असलं काही जर्मेनियमवाल्या लेखात लिहिलेलं नसतं, कारण तिथे ते लागूच नव्हतं.

मेन्सवर चालणारं काहीही पहिल्या वर्षात करू नका. हे अगदी निक्षून सांगतो. त्या काळच्या अंकांत ट्रान्सफॉर्मर वाचवायला थेट २३० व्होल्टमधून कंडेन्सर लावून सप्लाय काढलेली सर्किटं सर्रास छापली जायची. त्यात संपूर्ण बोर्ड मेन्सला जोडलेला असतो, एलईडीच्या पायाला हात लागला तरी झटका बसू शकतो. अमेरिकन अंकांतले आकडे तर ११७ व्होल्टचे. तो ट्रान्सफॉर्मर आपल्या प्लगात घातला की धूरच. सेलवर करा, नाहीतर तयार चांगला अॅडॉप्टर वापरा.

डास पळवणारं अल्ट्रासॉनिक यंत्रही सोडून द्या. ते सर्किट चालतं, डास जात नाहीत. यावर रीतसर चाचण्या झाल्या आहेत, निकाल शून्य. एफएम वायरलेस माइकचा मोहसुद्धा आवरा. परवान्याशिवाय रेडिओवर प्रक्षेपण करणं कायद्यात बसत नाही.

रेडिओबद्दल मन थोडं घट्ट करूनच सांगतो. झेडएन ४१४ चा तीन पायांचा चिमुकला मीडियम वेव्ह रेडिओ त्या पिढीतल्या हौशी लोकांचा लाडका. फेरांटी कंपनीचा मूळ आयसी गेला, पण टीए ७६४२ त्या जागी चालतो, दीड व्होल्टच्या एका सेलवर. फेराइट रॉडवर कॉइल हाताने गुंडाळता येते. केंद्र लावायचा फिरता गँग कंडेन्सर मात्र भंगारातल्या रेडिओतूनच काढावा लागेल. आणि मीडियम वेव्हची केंद्रं एकेक करून बंद होत चाललीत, तेव्हा तुमच्याकडे कुठलं केंद्र नीट लागतं हे आधी कुणाच्या तरी जुन्या सेटवर ऐकून घ्या. नाहीतर मेहनत करून फक्त एलईडी बल्बांची खसखस ऐकाल.

'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू'चे अंक, म्हणजे १९६९ पासून निघणारं आपलंच मासिक, तुम्हाला जास्त उपयोगी. आयात अवघड होती त्या दिवसांतले, त्यामुळे पार्ट लिस्ट इथल्या बाजाराला धरून असते: एसएल १००, एसके १००, बीसी १४८ असे ट्रान्झिस्टर. यातला बीसी १४८ मिळाला नाही तर बीसी ५४८ घ्या, फक्त पाय डेटाशीटवरून (कंपनीच्या माहितीपत्रकावरून) जुळवा.

आता त्या पेन्सिलीच्या खुणा. त्या खोडू नका, छापील आकड्याऐवजी त्याच आधी लावून बघा. मासिकांत चुका होत, आणि दुरुस्ती दोन-तीन महिन्यांनी कुठल्यातरी कोपऱ्यात यायची. एलेक्टरमध्ये त्या सदराचं नाव 'मिसिंग लिंक'. बहुतेक वडिलांनी ती वाचून मूळ पानावर उतरवली असणार, किंवा त्यांना जो पार्ट मिळाला त्याप्रमाणे आकडा बसवला असणार. दोन्हीही पारखलेलेच. ज्या पानावर खूण नाही, त्यासाठी पुढचे तीन-चार अंक चाळून दुरुस्ती आली होती का ते बघा.

सामान मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला, पुण्यात असाल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीला. २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर, एक झिरो पीसीबी (नुसती भोकं असलेला रिकामा बोर्ड), साधा डिजिटल मल्टिमीटर. रेझिस्टर सुटे घेण्यापेक्षा १० ओहम ते १ मेगपर्यंतचा पाव वॅटचा सेट घ्या. अमेरिकन लिस्टमध्ये 'एमएफडी' म्हणजे मायक्रोफॅरड, 'एमएमएफडी' म्हणजे पिकोफॅरड. युरोपियन अंकात ४के७ म्हणजे ४.७ किलोओहम. घरात जुने इलेक्ट्रोलायटिक पडलेले असतील तर ते लावू नका, सुकलेले असतात.

गठ्ठ्यात जानेवारी १९७५ चा 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' निघाला तर बाजूला काढा. मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० संगणक आहे, तोच पाहून मायक्रोसॉफ्टवाले पॉल अॅलन आणि बिल गेट्स त्यासाठी बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा लिहायला बसले. त्या मासिकाचे बाकीचे अंक स्कॅन होऊन फुकट वाचायला मिळतात, त्यामुळे जागाच नसेल तर ते गेले तरी चालतील. पेन्सिलीवाले मात्र ठेवा.