कमोडिटी ट्रेडिंगमधून पक्षात जाताना धंद्यातला अनुभव कितपत कामी येतो?

तुम्ही विचारलंय की खाद्यतेल आणि कापसाच्या व्यापारात मुरल्यावर आता एक पक्ष पद देऊ करतोय, तर हा अनुभव तिथे चालेल का, आणि फर्म नवऱ्याच्या नावावर करावी का. मी धातूंच्या व्यापारातून पक्षसंघटनेत आले, म्हणून लिहिते. अनुभव चालतो, पण आपल्याला ज्याचा अभिमान असतो तो भाग फारसा चालत नाही.

आपल्याला वाटतं, जोखीम घ्यायची सवय आहे, आकडे कळतात, अजून काय हवं? पण वायदेबाजारात रोजच्या रोज हिशोब होतो. भाव उलटा गेला की मार्जिनची, म्हणजे वाढीव अनामत रकमेची, मागणी येते आणि आपण कुठे उभे आहोत ते झोपण्याआधी कळतं. पक्षात तसं नाही. आज एका बैठकीत तुम्ही कुणाचा शब्द खाली पाडलात, तर त्याची वसुली तिकीटवाटपाच्या वेळी होते, आणि ती कशाची वसुली आहे हे कुणी तोंडाने सांगत नाही. स्टॉप लॉसची सवय तर सरळ नडते. तोट्यातला सौदा वेळेत कापणारा बाजारात शहाणा. इथे पडणार हे दिसत असलेल्या उमेदवाराबरोबर शेवटच्या दिवसापर्यंत फिरणाऱ्याची पत वाढते.

मग उपयोगी काय पडतं? माझ्या मते डिलिव्हरीची, म्हणजे प्रत्यक्ष माल देण्याघेण्याची बाजू. नुसत्या स्क्रीनवर सौदे करणाऱ्यापेक्षा गोदाम, वजन, ओलावा, ट्रक आणि नमुन्यावरून होणारी भांडणं हाताळलेली बाई पक्षात लवकर रुळते. बूथच्या याद्या घेऊन बसलो होतो तेव्हाची गोष्ट. एक कार्यकर्ता म्हणाला, "ही सगळी गल्ली आपलीच आहे, मॅडम." मी विचारलं, "दारावर कोण गेलं होतं?" तो शेजारच्याकडे बघायला लागला, शेजारचा यादीकडे. माल गोदामात आहे म्हणणाऱ्याकडे आपण पावती मागतोच की! त्या गल्लीपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह टाकलं आणि दुसऱ्या दिवशी दोघींना घरोघरी पाठवलं. राजकारणातला बराचसा आत्मविश्वास हा असा न तपासलेला साठा असतो.

पैशाचं आधीच स्पष्ट करा. धंद्यातली बाई आली की पक्षाला आधी तिची तिजोरी दिसते, मग ती. खजिनदारपद मानाचं वाटतं, पण त्यात लोकांशी संबंध येत नाही आणि बालंट मात्र तुमच्यावर येतं. मागायचंच तर संघटनेचं काम मागा, भले ते लहान असो.

आता खरा धोक्याचा भाग, तुमच्या उघड्या पोझिशन्स, म्हणजे अजून न मिटवलेले सौदे. आपल्या धंद्यात सरकारचा एक निर्णय भाव फिरवतो. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने डिसेंबर 2021 मध्ये गहू, हरभरा, सोयाबीन, कच्चं पामतेल अशा सात शेतमालांचे नवे वायदे थांबवले, तेव्हा बाजारात काय झालं हे खाद्यतेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. असा निर्णय होताना तुम्ही सत्ताधारी पक्षाच्या पदाधिकारी असाल आणि नावावर सौदे असतील, तर तुम्हाला आधी काही कळलं होतं की नाही याला किंमत उरत नाही. हिलरी क्लिंटन यांनी 1978-79 मध्ये गुरांच्या वायद्यांत 1,000 डॉलरचे जवळजवळ 1 लाख केले. त्याच काळात त्यांचे पती आर्कान्सासचे गव्हर्नर झाले. बातमी फुटली ती 1994 मध्ये, त्या व्हाइट हाउसमध्ये असताना. कारवाई काही झाली नाही, पण उत्तरं देत बसावं लागलंच. व्यापाऱ्यांबद्दलचा राग मतांत कसा उतरतो हे पाहायचं असेल तर शिकागोचा कांदा बघा. 1955-56 मध्ये दोन व्यापाऱ्यांनी साठा हाताशी धरून भाव पाडले, शेतकरी बुडाले आणि 1958 मध्ये अमेरिकेत कांद्याच्या वायद्यांवर कायद्यानेच बंदी आली. ती आजही आहे. विधेयक पुढे रेटणाऱ्यांत जेराल्ड फोर्ड होते, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले. त्यांच्या मतदारसंघाच्या राज्यात, मिशिगनमध्ये, कांदा पिकायचा.

याउलट व्यापार टिकवण्यासाठी सत्तेला चिकटणं किती दिवस पुरतं? पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोमधल्या लोमे शहरातल्या 'नाना बेंझ' या बायका डच वॅक्स या छापील सुती कापडाच्या घाऊक व्यापारावर गब्बर झाल्या. सरकारी समारंभांना त्यांच्या मर्सिडीज गाड्या जायच्या, राष्ट्राध्यक्ष एयादेमांच्या एकपक्षीय राजवटीशी त्यांची घसट होती. मग नव्वदच्या दशकात राजवटीविरुद्ध आंदोलनं पेटली, जानेवारी 1994 मध्ये तिथल्या चलनाचं, सीएफए फ्रँकचं, मूल्य निम्मं झालं, आयात कापड महागलं, आणि पुढे स्वस्त चिनी नकला आल्या. ओळखीपाळखी त्यापुढे काही करू शकल्या नाहीत.

म्हणून फर्म नवऱ्याच्या नावावर करू नका. तो आडपडदा पहिल्याच चौकशीत गळून पडतो, वर लपवल्याचा ठपका बसतो. त्यापेक्षा सट्ट्याच्या पोझिशन्स पद स्वीकारण्याआधी बंद करा, खऱ्या मालाचं हेजिंग (भाव फिरल्यास तोटा होऊ नये म्हणून केलेले वायदे) असेल तर ते फर्मच्या ज्या भागीदाराचा पक्षाशी संबंध नाही त्याच्याकडे निर्णयासकट सोपवा, आणि काय ठेवलंय, काय सोडलंय हे पक्षाला तारखेनिशी लेखी द्या. पोच घ्यायला विसरू नका. ती देताना ते खळखळ करतात का, तेही बघून घ्या.