व्यायामवर्ग बंद पडला, आता त्याचाच अभ्यास करायचा आहे

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातली. बीपीटीएचची, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीची, इंटर्नशिप संपायला महिना उरलाय. पोस्टिंगमध्ये मी गुडघ्यांची सांधेझीज असलेल्या रुग्णांसाठी आठवड्यातून दोनदा व्यायामाचा वर्ग सुरू केला होता. पहिल्या दिवशी १४ जण आले, सहाव्या आठवड्यात ३ उरले. ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या, ओपीडीतून नवे रुग्ण येणंही थांबलं. एक सीनियर म्हणाले, "आपल्याकडे हे चालत नाही." तेव्हापासून उपचारापेक्षा तो रुजत का नाही, हेच डोक्यात घोळत असतं. 'इम्प्लिमेंटेशन सायन्स' नावाची एक शाखा आहे असं वाचलं. बाबा म्हणतात, ऑर्थोमध्ये एमपीटी (फिजिओथेरपीची पदव्युत्तर पदवी) कर आणि क्लिनिक टाक. या शाखेत खरंच करिअर आहे का? की मी माझ्या अपयशावर पांघरूण घालतेय? (नाव छापू नये.)

उत्तर :

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तू पांघरूण घालत नाहीयेस. ज्याला पांघरूण घालायचं असतं तो पहिल्या दिवशी किती आले आणि सहाव्या आठवड्यात किती उरले हे लिहून ठेवत नाही. तू ठेवलंस. या शाखेत पाऊल टाकणाऱ्याकडून पहिली अपेक्षा तीच असते.

आता तुला एका डॉक्टरांची गोष्ट सांगते. इग्नासिओ पॉन्सेटी स्पेनच्या मिनोर्का बेटावर जन्मले आणि पुढे अमेरिकेत आयोवा विद्यापीठात ऑर्थोपेडिक सर्जन झाले. जन्मतः आत वळलेलं पाऊल, म्हणजे क्लबफूट, मोठी शस्त्रक्रिया न करता सरळ करता येतं हे त्यांनी दाखवलं. दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने थोडं थोडं वळवून प्लास्टर घालायचं, अशी पाच-सहा प्लास्टरं झाली की बहुतेक बाळांत टाचेमागच्या शिरेला एक छोटा छेद द्यायचा, आणि मग ब्रेस, म्हणजे दांडीला जोडलेले खास बूट. ही शिर म्हणजे खरं तर स्नायुबंध, पण आपल्या ओपीडीत सगळे शीरच म्हणतात. त्यांच्या रुग्णांचे निष्कर्ष १९६३मध्ये छापून आले. तरीही जगभरचे सर्जन पुढची तीसेक वर्षं क्लबफूटची मोठी ऑपरेशनंच करत राहिले. चित्र पालटायला लागलं ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी, आणि त्यात इंटरनेटवर एकमेकांना शोधून काढणाऱ्या आईबापांचा वाटा मोठा होता. उपचार तोच होता, पुरावा होता, खर्च कमी होता. मग तीस वर्षं कुठे गेली? तुझ्या मनातला प्रश्न हाच आहे, फक्त तुझ्या बाबतीत तीस वर्षांच्या जागी सहा आठवडे आहेत.

पद्धत स्वीकारली गेल्यावरही काम संपलं नाही, आणि माझ्या मते खरी शिकवण इथेच आहे. प्लास्टर निघाल्यावर बाळाला पहिले तीन महिने दिवसातले २३ तास ब्रेस घालावा लागतो, पुढे चार वर्षांचं होईपर्यंत रात्री आणि दुपारच्या झोपेत. पाऊल पुन्हा वळतं त्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ब्रेस सुटणं. आणि ब्रेस कुठे सुटतो? दवाखान्यात नाही, घरी. पाय सरळ दिसतोय, मग आता हे लोखंड कशाला, असं आजी म्हणते. रात्री बाळ रडतं, सकाळी आईला कामावर जायचं असतं. बूट लहान होतो आणि पुढचा नंबर मिळत नाही. म्हणून क्युअर इंडियासारख्या संस्थेने सरकारी रुग्णालयांबरोबर क्लबफूटची क्लिनिकं उभी केली तेव्हा सर्जनला पद्धत शिकवून ती थांबली नाही. आठवड्याचा ठरलेला वार, मोफत ब्रेस, आणि पालकांशी बोलणारा समुपदेशक ही त्या कामाचीच अंगं झाली. पालघरहून २०१३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही जन्मजात दोषांच्या यादीत क्लबफूट आहे, त्यामुळे गावातली बाळं तपासणी पथकाच्या नजरेत येण्याची वाट तयार झाली. उपचार वैद्यकशास्त्राने दिला. तो बाळाच्या पायात चार वर्षं टिकवण्याचं शास्त्र वेगळं आहे, आणि तू म्हणतेस ते इम्प्लिमेंटेशन सायन्स तेच. मराठीत अंमलबजावणीशास्त्र म्हणतात. मला स्वतःला 'रुजवण' हा शब्द जवळचा वाटतो, कारण अंमलबजावणी वरून खाली होते आणि रुजायला माती बघावी लागते.

आता तुझ्या वर्गाकडे येऊ. डेन्मार्कमध्ये २०१३ साली एवा रूस आणि सोरेन स्को यांनी 'ग्लॅड' नावाचा कार्यक्रम सुरू केला. रुग्ण तुझेच, गुडघा आणि खुब्याच्या सांधेझिजेचे. माहितीची दोन सत्रं, मग सहा आठवड्यांत देखरेखीखाली व्यायामाची १२ सत्रं. व्यायाम तू शिकलीस त्याहून फार निराळे नाहीत. पण त्यांनी तीन गोष्टी एकत्र बांधल्या : फिजिओथेरपिस्टचं ठरीव प्रशिक्षण, रुग्णाचा ठरीव कार्यक्रम, आणि प्रत्येक रुग्णाची सुरुवातीची, तीन महिन्यांची व वर्षाची नोंद ठेवणारी राष्ट्रीय नोंदवही. पुढे तो कॅनडा, ऑस्ट्रेलिया, चीन, स्वित्झर्लंड अशा देशांत गेला. तू मधली एकच गोष्ट घेतलीस, तीही एकटीने, पोस्टिंग संपेपर्यंतच्या मुदतीत.

इथे सिद्धान्त कामाला येतो. सिद्धान्त म्हटलं की विद्यार्थी दचकतात, पण कार्ल मे आणि ट्रेसी फिंच यांनी २००९मध्ये मांडलेली 'नॉर्मलायझेशन प्रोसेस थिअरी' साध्या भाषेत चार प्रश्न विचारते. हे नवं काम म्हणजे नेमकं काय, आणि आधीच्यापेक्षा वेगळं कसं, हे सगळ्यांना सारखंच कळलंय का? हे 'आपलं' आहे असं कोणाकोणाला वाटतं? प्रत्यक्ष कोण काय करणार, आणि त्याच्या हातात तेवढा वेळ नि साधनं आहेत का? आणि कसं चाललंय हे मागे वळून कोण बघणार?

ऑर्थोच्या ओपीडीत बसलेल्या रेसिडेंट डॉक्टरच्या जागी बसून पहा. समोर रांग आहे. एक्स-रे बघून गोळी लिहायला मिनिट लागतं. 'गुडघा झिजलाय तरी चालायला हवं, व्यायामाने दुखणं कमी होईल' हे समजावायला पाच मिनिटं लागतात. त्यात त्याला तुझा वर्ग आणि फिजिओ विभागातला नेहमीचा शेक यात फरक काय, हे कोणी सांगितलं होतं का? तुझ्या पत्रावरून वाटतं, तू एकदा जाऊन सांगितलंस. पण रेसिडेंटची युनिटं बदलतात. ज्याला सांगितलंस तो गेला आणि रुग्ण थांबले, असंही झालं असेल. केसपेपरवर वर्गाच्या नावाचा एक शिक्का असता तर ते काम माणसाच्या आठवणीवर राहिलं नसतं.

माझ्या आईचं सांगते. तिचे गुडघे दुखायचे, फिजिओने झेरॉक्स काढलेला व्यायामाचा कागद दिला होता. तो वर्षभर कॅलेंडरमागे खोचलेला होता. आम्ही सगळे तिला आळशी म्हणायचो. पुढे एका फिजिओ मुलीने विचारलं, "काकू, जमिनीवर झोपून करायचे आहेत हे, पण तुम्हाला जमिनीवरून उठता येतं का?" येत नव्हतं. एवढंच होतं! तिने तेच व्यायाम खुर्चीवर आणि पलंगावर बसवून दिले, आणि आई शेंगा सोलता सोलता ते करू लागली. तिला आळशी म्हटल्याचं मला आजही वाईट वाटतं. तुझ्या त्या अकरा जणांबद्दल 'पेशंट सीरियस नसतात' असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस.

एक इशारा मात्र लक्षात ठेव. बाहेर यशस्वी झालेली गोष्ट उचलून आणली, लोकांना शिकवलं, की झालं, असं नसतं. इंग्लंडच्या कील विद्यापीठातून आलेली 'स्टार्ट बॅक' पद्धत घे. कंबरदुखीच्या रुग्णाला नऊ प्रश्न विचारायचे, दुखणं लांबण्याचा धोका कमी, मध्यम की जास्त ते ठरवायचं, आणि त्याप्रमाणे उपचार द्यायचे. २०११मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिचे चांगले निकाल आले. मग अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात ती आणली. डॉक्टरांना प्रशिक्षण दिलं, नऊ प्रश्न संगणकातल्या केसपेपरमध्ये बसवले. २०१८मध्ये निकाल आला : रुग्णांना फरक पडला नाही. डॉक्टरांनी साधारण निम्म्या रुग्णांना ते प्रश्न विचारले होते, पण त्यानंतर द्यायचे उपचार बदललेच नव्हते. प्रश्नावली रुजली, उपचार रुजला नाही. असं काही बंद पडल्यावर 'पद्धतच वाईट' म्हणायचं की 'पद्धत रुग्णापर्यंत पोहोचलीच नाही' म्हणायचं, हे वेगळं करता यावं म्हणून या शाखेत दोन हिशेब ठेवतात. एक रुग्णाचा : दुखणं, चालणं. दुसरा रुजवणीचा : किती डॉक्टरांनी पाठवलं, किती सत्रं झाली, ठरल्याप्रमाणे झाली का, खर्च किती आला, आणि सुरू करणारा निघून गेल्यावर चालू राहिलं का. तुझ्या वर्गाचा पहिला हिशेब कदाचित चांगलाही असेल. जे तिघे टिकले त्यांचे गुडघे कसे आहेत, हे तू लिहिलं नाहीस.

आता करिअर. भारतात 'इम्प्लिमेंटेशन सायंटिस्ट' अशा पाटीच्या नोकऱ्या आज फार थोड्या आहेत, हे तुला स्पष्ट सांगायला हवं. काम आहे, पण ते वेगळ्या नावांनी मिळतं : संशोधन प्रकल्पात रिसर्च असोसिएट, स्वयंसेवी संस्थेत प्रोग्राम मॅनेजर, मोठ्या रुग्णालयात क्वालिटी विभाग, कॉलेजात शिकवणं आणि त्यासोबत संशोधन. प्रकल्पाच्या नोकऱ्या बहुधा करारावरच्या असतात. प्रकल्प संपला की पुन्हा शोध. बाबांची काळजी इथे रास्त आहे, आणि त्यांच्याशी बोलताना हे तू स्वतःहून मान्य कर. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, डेन्मार्क इथे या विषयात पीएचडीच्या जागा निघतात आणि फिजिओथेरपिस्ट त्या घेतात. पण तिथेही 'तू प्रत्यक्ष कुठे काय रुजवून पाहिलंस' हे विचारतातच.

म्हणून माझा सल्ला असा. एमपीटी कर. बाबांचं ते ऐक, पण शाखा आणि गाइड तू निवड. मस्क्युलोस्केलेटल (हाडं-स्नायूंची) आणि स्पोर्ट्सकडे सगळ्यांची झुंबड असते. कम्युनिटी फिजिओथेरपीकडे वळून बघणारे कमी. तुझ्या प्रश्नाला तीच शाखा जवळची आहे असं मला वाटतं, आणि गुडघे-कंबर तिथेही सुटत नाहीत. त्याआधी वर्ष-दोन वर्षं हाताने रुग्ण तपासलेस तर उत्तम. ज्याने रांगेसमोर बसून काम केलेलं नाही, त्याने रांगेतल्या डॉक्टरला काय बदलायचं ते सांगू नये, असं माझं ठाम मत आहे. फिजिओथेरपी कौन्सिलची नोंदणी कधीही लॅप्स होऊ देऊ नकोस. एमपीटीच्या प्रबंधात 'या व्यायामाने गुडघ्यावर काय परिणाम होतो' हे हजारदा झालेलं न घेता 'अमुक रुग्णालयात व्यायामवर्ग रुजवताना काय आड आलं' असं काही घे. सगळे गाइड तयार होणार नाहीत. जो तयार होईल त्याच्यासाठी गाव बदलावं लागलं तरी बदल.

एमपीटीनंतर ओढ टिकली तर सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमपीएच. मुंबईत टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा आरोग्यशास्त्र विभाग; प्रवेशाची पात्रता त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघ. मोफत सुरुवात करायची तर जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या टीडीआर या कार्यक्रमाचा इम्प्लिमेंटेशन रिसर्चवरचा ऑनलाइन कोर्स आहे. त्यातली उदाहरणं बहुतांशी संसर्गजन्य आजारांची आहेत, पण विचाराची रीत तीच.

दोन कौशल्यं आत्तापासून जोड. एक, आकडेशास्त्र, निदान काळानुसार बदलणारे आकडे वाचता येतील इतकं. दुसरं, मुलाखत घेणं. दुसऱ्यात तू पुढे आहेस, हे तुला कदाचित जाणवलं नसेल. मिरजेच्या बाजारातल्या बाईशी तिच्या बोलीत गुडघ्याबद्दल बोलणं हे कुठल्याही परदेशी विद्यापीठात शिकवता येत नाही.

उरलेल्या महिन्यात नवा वर्ग सुरू करू नकोस. वर्ग सोडलेल्या अकरापैकी पाच जणांना भेट किंवा फोन कर. आत्ता ही फक्त विचारपूस आहे; पुढे त्यावर काही छापायचं ठरलं तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी घ्यावी लागेल, हे विभागप्रमुखांना विचारून ठेव. आणि "का आला नाहीत?" असं विचारू नकोस, त्या प्रश्नाला माणूस फक्त माफी मागतो. "ज्या दिवशी यायचं राहिलं, त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते सांगा," असं विचार, आणि मग गप्प बस. एसटी किती वाजता होती, सोबत कोण येणार होतं, रोज बुडाला तर किती बुडाला, दवाखान्यात पोचल्यावर कुठे थांबावं लागलं, सगळं वहीत त्यांच्याच शब्दांत उतरव. मग तीच वही घेऊन त्या रेसिडेंटकडे जा आणि त्यालाही त्याचा एक दिवस विचार.